आधी पाय की आधी पाळणा?

आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीच्या कुठल्याही दुखण्यावर एक रामबाण औषध असतं. पाळीत पोट दुखतं? मूल होऊ दे, थांबेल. चेहऱ्यावर पिंपल्स? मूल होऊ दे, जातील. अंगाला मांस धरत नाही, झोप लागत नाही, नवऱ्याशी खटके उडतात... मूल होऊ दे गं, सगळं जागच्या जागी येईल! हे औषध लिहून द्यायला डिग्री लागत नाही. एखादी मुंज किंवा सोसायटीतलं हळदीकुंकू पुरतं.

एका दुखण्यापुढे मात्र हे औषध चालत नाही. पायांच्या फुगलेल्या शिरा, अर्थात व्हेरिकोज व्हेन्स. बाळंतपणानं त्या बऱ्या होत नाहीत, वाढतात. हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून इथे वाक्य थोडं बदलतं, ‘मूल होऊ दे, मग बघ पायाचं.’

मी ते ऐकलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी डाव्या पायाची शीर लेझरनं बंद करून घेतली. आता एकोणतिसाव्या वर्षी नवरा आणि मी बाळाचं प्लॅनिंग करतोय. मधल्या दोन वर्षांत दोन डॉक्टर, दोन आया (एक माझी, एक त्याची) आणि एक नवरा यांच्याशी भरपूर चर्चा झाली. काही वेळा चर्चेचं भांडणही झालं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय. कारण ऑफिसात, लोकलमध्ये, मॉलच्या काउंटरमागे हे दुखणं घेऊन उभ्या असलेल्या मुली भरपूर आहेत, आणि बहुतेक जणी ते लेगिंगच्या आत झाकून ठेवतात.

दारं नीट बंद होत नाहीत

आधी थोडं बेसिक. हृदयातून पायाकडे रक्त येतं ते उताराला लागल्यासारखं. परत वर जायचं म्हणजे चढ. त्यासाठी शरीरानं दोन सोयी करून ठेवल्यात. पहिली, शिरांच्या आतल्या छोट्या झडपा. एकाच दिशेनं उघडणारी दारं म्हणा ना. रक्त वर सरकलं की मागचं दार बंद. दुसरी सोय म्हणजे पोटरी. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात ते उगीच नाही.

ही दारं सैल झाली की रक्त मागे झिरपतं, शिरेत साचतं, शीर ताणते आणि वाकडीतिकडी होऊन कातडीखाली दिसायला लागते. आनुवंशिकता हे मोठं कारण. वय, वजन, गरोदरपण हीही कारणं. आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं, कारण तेव्हा पोटरीचा पंप बंद असतो. ट्रॅफिक पोलीस, सलूनमधले कारागीर, शिक्षिका, साड्यांच्या दुकानातल्या सेल्सगर्ल्स या सगळ्यांच्या पायांना विचारा. केरळमध्ये दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळात बसायला मिळावं म्हणून आंदोलन झालं आणि २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. बसायला खुर्ची मिळावी म्हणून कायदा! पण पाय कोणाचे दुखतात हे कळल्यावर त्यात हसण्यासारखं काही राहत नाही.

मी तेव्हा एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर होते. नऊ-दहा तास खुर्चीत आणि जाता-येता डोंबिवली ते सीएसएमटी उभ्यानं. म्हणजे पोटरीला दोन्हीकडून सुट्टीच. संध्याकाळपर्यंत डावा पाय शिसं ओतल्यासारखा जड व्हायचा. रात्री पोटरीत गोळे यायचे. घोट्याच्या वर खाज सुटायची. आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूनं एक निळसर, दोरीसारखी शीर खाली उतरलेली दिसायची.

ती शीर माझ्या ओळखीची होती. आईच्या पायावर मी ती लहानपणापासून बघत आले होते.

साडीचा एक फायदा

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं फळ्यासमोर उभी. पहिल्या बाळंतपणात, दादाच्या वेळी, शिरा दिसायला लागल्या. दुसऱ्या वेळी, म्हणजे माझ्या वेळी, त्या मांडीपर्यंत चढल्या. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ‘मुलं होऊन जाऊ देत, मग ऑपरेशन करू.’ मुलं झाली. मग मुलं लहान होती. मग दादाची दहावी, मग माझी बारावी, मग घराचं कर्ज. ‘मग’ काही आलं नाही.

तिच्या पलंगाच्या पायथ्याशी कायम दोन विटा असायच्या, पाय उंचावर राहावेत म्हणून. मला वाटायचं सगळ्यांच्याच आयांचे पलंग तिरके असतात. ‘साडीचा एक फायदा बाई,’ ती हसून म्हणायची, ‘पाय कोणाला दिसत नाहीत.’ पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली आणि पंचावन्नाव्या वर्षी तिथे एक जखम झाली. रुपयाएवढी. ती महिनोन्‌महिने भरत नव्हती. तशी पट्टी बांधून ती शाळेत जात होती.

मी व्हॅस्क्युलर सर्जनकडे गेले तेव्हा डोळ्यांसमोर माझा पाय नव्हता, तिचा होता.

तपासणी म्हणजे डॉपलर सोनोग्राफी. तुम्हाला उभं करतात, पोटरी दाबून सोडतात आणि स्क्रीनवर रक्त कुठल्या दिशेला जातंय ते रंगात दिसतं. निरोगी शिरेत दाबल्यावर रक्त वर जातं आणि थांबतं. बिघडलेल्या शिरेत ते परत खाली येतं. कातडीजवळच्या शिरांमध्ये हे उलटं येणं अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ चाललं की झडप नापास. माझ्या डाव्या पायातली घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर, ग्रेट सॅफेनस व्हेन, सपशेल नापास झाली होती.

लेझरमध्ये शिरेत सुईच्या वाटेनं बारीक फायबर सरकवतात आणि आतून उष्णता देऊन ती कायमची बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीचाही साधारण हाच प्रकार. पाय तेवढ्यापुरता बधिर करतात. मी सकाळी गेले आणि संध्याकाळी चालत घरी आले. पाय काळानिळा झाला होता, मांडीत आठवडाभर दोरी ओढल्यासारखं वाटत होतं, पण चालत आले.

‘अगं, पण शीरच बंद केली तर रक्त कुठून जाणार?’ हा प्रश्न मला किमान दहा जणींनी विचारला असेल. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त वर नेतात त्या आतल्या, खोल शिरा. कातडीजवळच्या शिरांच्या वाट्याला १० टक्क्यांच्या आसपास येतं. नापास शीर बंद केली की तिचं रक्त बाकीच्या चांगल्या शिरांमधून जातं. आणि हो, पुढचा न विचारलेला प्रश्न. पायाची शीर बंद केल्यानं गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी होत नाही. ती लाइनच वेगळी आहे.

सासूबाईंचा मुद्दा

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. ‘आत्ता एवढे पैसे घालायचे आणि बाळंतपणात परत फुगल्या तर? त्यापेक्षा मूल होऊ दे, मग काय ते एकदाच कर.’

राग आला होता. पण नीट विचार केला तर हा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नाही. पूर्वी या शिरांचं ऑपरेशन म्हणजे कंबरेतून भूल, जांघेत चीर, अख्खी शीर ओढून काढणं आणि त्यानंतर काही दिवस घरी पडून राहणं. एवढं सगळं करून वर्षभरात बाळंतपणात नव्या शिरा आल्या तर पुन्हा तेच. म्हणून त्या पिढीच्या डॉक्टरांनी ‘आधी मुलं’ हा सल्ला दिला तो हिशेबानं बरोबर होता. आता उपचार एका दिवसात होतो. हिशेब बदलला, सल्ला मात्र तोच राहिला.

आणि परत फुगण्याची भीती खोटी आहे का? नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन शिरांच्या भिंती सैल करतं. पुढे वाढत्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरांवर पडतो आणि पायांतून वर येणाऱ्या रक्ताला वाटेत ट्रॅफिक जाम लागतो. डाव्या पायाला तर जास्तच, कारण त्या बाजूची शीर ओटीपोटात एका धमनीखालून जाते आणि तिथे दबते. बंद केलेली शीर सहसा बंदच राहते, पण तिच्या शेजारच्या दुसऱ्या शिरा फुगू शकतात. काही जणींना जांघेत आणि नाजूक जागीही शिरा येतात. त्याबद्दल तर कोणी बोलतच नाही! (सांगून ठेवते, तेवढ्यामुळे सिझेरियन करावं लागत नाही. आणि पायाला लेझर झालंय म्हणूनही लागत नाही.) दिलासा एवढाच की गरोदरपणात आलेल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतर तीन महिने ते वर्षभरात आपोआप ओसरतात.

हे सगळं ऐकून नवऱ्यानं शांतपणे विचारलं, ‘मग तू आधी केलंस कशाला?’

टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. तो आयटीतला माणूस आहे. कुठल्याही गोष्टीचा ‘रिटर्न’ काय हे त्याला आधी हवं असतं. मी त्याला म्हटलं, ‘दोन वर्षं मी रात्री झोपले. तू पण झोपलास, कारण मी रात्री दोनला पोटरी धरून ओरडत उठले नाही. संध्याकाळी स्टेशनवरून चालत घरी येते. हा रिटर्न नाही का?’

त्याला पटलं. मला मात्र बोलता बोलता जाणवलं की माझ्या पायाच्या दुखण्याचा विषय निघाला की प्रत्येक जण तो बाळाच्या संदर्भातच बोलतोय. बाळाआधी की बाळानंतर, बाळाला त्रास होईल का, बाळंतपण नीट होईल का. पाय मला दुखतोय आणि म्हणून त्यावर उपचार करायचा, एवढं साधं कारण कोणालाच पुरेसं वाटत नव्हतं. नवऱ्याच्या मित्राचा गुडघा क्रिकेट खेळताना गेला, तेव्हा त्याला कोणी ‘आधी मूल होऊ दे’ असं म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

उजव्या पायाचं काय करायचं?

बाळाचं नक्की ठरल्यावर मी परत डॉपलर करून घेतली. डावा पाय फर्स्ट क्लास. शीर बंद, खोल शिरा मोकळ्या. आणि उजव्या पायात थोडंसं उलटं जाणारं रक्त!

पुढचे दोन आठवडे मी एक्सेल शीट घेऊन बसले होते. उजवाही आत्ताच करून टाकायचा? मग बरं व्हायला वेळ, मग परत तपासणी, मग बाळ. आणि तेवढ्यात आणखी कुठे काही निघालं तर? ‘दोन्ही पाय अगदी परफेक्ट झाल्याशिवाय नकोच’ इथपर्यंत मी आले होते. म्हणजे सासूबाईंचं ‘आधी बाळ, मग पाय’ आणि माझं ‘आधी पाय, मग बाळ’. दोघींनाही एकामागे एक अशी रांगच लावायची होती.

सर्जननी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, ‘उजवा पाय दुखतो?’

‘नाही.’

‘सूज, खाज, जडपणा?’

‘नाही.’

‘मग मी चित्रावर उपचार करत नाही. नोंद करून ठेवू. लागलं तर बाळंतपणानंतर बघू.’

एवढंच. पण माझ्या डोक्यातली गाठ सुटली. त्रास होतोय तो पाय बाळासाठी अडवून ठेवायचा नाही, आणि त्रास नसलेल्या पायासाठी बाळ अडवून ठेवायचं नाही. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. उपचार म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी नव्हे. तो आजच्या दुखण्यासाठी असतो. उद्याचं उद्या, पण लेखी नोंद ठेवून.

एक मात्र खरं, मधली वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवायची. माझ्या सर्जननी लेझरनंतर किमान तीन महिने आणि एक नॉर्मल डॉपलर असं सांगितलं होतं. तुमचा उपचार कुठला, किती मोठा, यावर तुमचा आकडा वेगळा असू शकतो. विशेषतः फोम स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषधाचा फेस टोचून ती बंद करणं, हा प्रकार गरोदरपणात टाळतात. तुम्ही ‘ट्राय’ करत असाल आणि फोमचं पुढचं सिटिंग ठरलं असेल, तर पाळीची तारीख डॉक्टरांना सांगा, आधी टेस्ट करा. शिरांवरचे हे असले उपचार अगदी अपवादात्मक कारण असल्याशिवाय गरोदरपणात करू नयेत, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

आणि या मधल्या काळासाठी कुठलं गर्भनिरोधक वापरताय तेही सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. मैत्रिणीनं सांगितली म्हणून घेतली, असं इथे चालणार नाही.

गायनॅकला सगळं सांगा

आमची गायनॅक पहिल्याच भेटीत तीन प्रश्नांवर आली. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? घरात कोणाला? शिरांवर कुठला उपचार, कधी? तिसरा प्रश्न विचारला नसता तर मी आपणहून सांगितलंही नसतं. पायाचा आणि बाळाचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल.

संबंध असा. गरोदरपणात रक्त घट्ट होण्याकडे झुकतं. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठी शरीरानं केलेली ती तयारी असते. त्यामुळे खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट होतो. घाबरू नका, हे चार-पाच पट धरूनही प्रत्यक्षात होतं ते हजारात एक-दोन जणींना. पण मोठ्या, त्रास देणाऱ्या व्हेरिकोज व्हेन्स ही धोका मोजताना धरायची एक गोष्ट आहे. त्यात वय, वजन, सिझेरियन, खूप दिवस पडून राहणं अशा गोष्टी जमा होत जातात. म्हणून लेझरचा रिपोर्ट आणि ताजी डॉपलर दोन्ही तिच्या फाइलला लागले.

बाकीची यादी सगळ्यांसाठी सारखीच. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रेग्नन्सीच्या किमान एक महिना आधीपासून. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर. रुबेलाची लस झालीय का ते बघणं, कारण ती गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं.

आणि स्टॉकिंग्ज! साधे नाहीत, कॉम्प्रेशनवाले. घोट्याला सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जाणारे. जर्मन मापानं क्लास टू म्हणजे घोट्याला २३ ते ३२ मिलिमीटर दाब. आपला क्लास डॉक्टर ठरवतात. माप सकाळी द्यायचं, पाय सुजायच्या आत. घालायचेही सकाळीच, शक्यतो पलंगावरून उतरायच्या आधी. मे महिन्यातल्या डोंबिवलीत हे चढवणं म्हणजे वेगळाच व्यायाम आहे. नवरा आता त्यात एक्स्पर्ट झालाय. रबरी हातमोजे घातले की ते पटकन वर सरकतात, हा शोध त्याचा.

सव्वा महिना

सगळ्यात नाजूक वाटाघाट झाली ती बाळंतपणानंतरच्या दिवसांवर. बाळ अजून पत्रिकेतही नाही आणि सासूबाईंनी मालिशवाली बाई ठरवून टाकली होती! सव्वा महिना बाळंतिणीनं खाटेवरून उतरायचं नाही, तेलानं रगडून मालिश, शेक-शेगडी, पोटाला पट्टा.

गंमत बघा. गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत. म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीला विश्रांती हवी हे बरोबर ओळखलं होतं. दिवसरात्र शेतात आणि चुलीपुढे राबणाऱ्या बाईला तेवढीच हक्काची सुट्टी मिळायची. पण विश्रांती म्हणजे हलायचंच नाही असं नव्हे.

मी सासूबाईंना गायनॅककडे सोबत घेऊन गेले. डॉक्टर त्यांच्याशीच बोलल्या. ‘आई, डिंकाचे लाडू भरपूर द्या. पाठीला-कमरेला हलक्या हातानं तेल लावा. पण हिला दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालू द्या, पाणी भरपूर प्यायला द्या आणि पोटऱ्या रगडू देऊ नका. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर मालिश नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच.’

परतीच्या रिक्षात सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या वेळी शेजारच्या एकीचा पाय असाच सुजला होता. आम्ही दृष्ट काढली होती गं.’ पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ‘मूल होऊ दे, मग बघ’ हे वाक्य आमच्या घरात ऐकलं नाही. आता त्या रोज संध्याकाळी मला म्हणतात, ‘चल, चक्कर मारून येऊ.’

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती पैशांची. नोकरीत असलेल्या बाईला २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला शून्य. त्यामुळे आम्ही वेगळं खातं उघडलंय, दोघांनी दर महिन्याला टाकायचं. नवऱ्यानं ‘माझ्या पगारात भागेल’ असं म्हणून बघितलं. मी नको म्हटलं. कामाचे पैसे बुडणार ते दोघांच्या बाळासाठी, तर ते दोघांच्या खात्यातून भरून निघू देत.

आईचं सांगायचं राहिलं. माझ्या लेझरनंतर ती आठवडाभर माझ्याकडे होती. एका दुपारी माझ्या पायाची पट्टी काढल्यावर तिनं पोटरीवरून हलकेच हात फिरवला, जिथे ती निळी दोरी होती तिथे. आणि म्हणाली, ‘माझं होईल का गं आता? की उशीर झाला?’

उशीर झाला नव्हता. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आलंय की शिरेच्या अशा जखमा असताना शीर लवकर बंद केली तर जखम लवकर भरते. आईच्या दोन्ही पायांवर गेल्या वर्षी, रिटायर झाल्या झाल्या उपचार झाले. त्यानंतर काही महिन्यांत जखम भरली. कातडीचा काळा डाग तसाच आहे, तो राहणार. तिला सांगितलेलं ‘मग’ यायला अठ्ठावीस वर्षं लागली. परवा फोनवर म्हणाली, ‘पलंगाखालच्या विटा काढल्यात बरं का. एक कुंडीखाली ठेवली, एक तशीच पडलीय. तुला हवी का नंतर?’

मी म्हटलं ठेव. उजव्या पायाचा काय भरवसा!

तर मैत्रिणींनो (आणि हे वाचणाऱ्या नवऱ्यांनो), संध्याकाळी पाय जड होत असेल, घोट्याजवळ खाज किंवा काळपटपणा असेल, शीर वर आलेली दिसत असेल तर एकदा डॉपलर करून घ्या. लग्न झालेलं असो-नसो, मूल हवं असो-नसो. दोन रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गायनॅकला दाखवा. दर तासाला खुर्चीतून उठा, टाचा वीस वेळा वर-खाली करा. बॉसनं विचारलं तर सांगा, दुसरं हृदय चालू ठेवतेय.

आमच्याकडे फॉलिक अ‍ॅसिड सुरू होऊन पाच आठवडे झालेत. गोळ्यांची बाटली फ्रिजवर ठेवलीय, स्टॉकिंग्ज गॅलरीत वाळताहेत. सासूबाई चपला घालून दारात उभ्या आहेत. जाते.